सासऱ्यांचा निकष

माझे सासरे रेल्वेतल्या आमच्या चाचणी विभागाचे प्रमुख आहेत. ऑफिसात मी त्यांना सर म्हणते, घरी बाबा म्हणते, आणि मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

चाक रुळावरून घसरेल का, हे ओळखायचं गणित साधं आहे. वळणावर चाकाला बाजूला रेटणारा जोर भागिले चाकावरचा भार. आकडा मर्यादेपुढे गेला की चाकाची कड रुळावर चढायला बघते. भरलेली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, स्वतःच्या वजनाने जागेवर राहते, धोका रिकामीला. नव्या वाघिणी खाणीच्या वळणावर रिकाम्या पळवल्या आणि आकडा चक्क मर्यादेबाहेर गेला.

सासऱ्यांनी वाघिणीला हात लावला नाही, निकषाला लावला. क्षणाचा आकडा कशाला धरता, सरासरी काढा, म्हणाले. दोन-चार पावलांच्या अंतरातली सरासरी काढायची रीत आहेच, तीही मी काढली होती. नापास. मग त्यांनी अख्ख्या वळणाची काढायला लावली, त्यात अलीकडचा-पलीकडचा सरळ रूळही घातला, तेव्हा कुठे वाघीण पास झाली. मंजुरी देणाऱ्या समितीतल्या विद्वानांनी माना डोलावल्या. मोजमाप माझं, म्हणून सही तेवढी माझी राहिली होती. ती मी दुसऱ्या दिवसावर ढकलली.

माझा नवरा मालगाडीवर गार्ड आहे. चारचौघांत सासरे त्याच्याबद्दल "रेल्वेत आहे" एवढंच सांगतात. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी ताटातून मान वर न काढता त्याला सांगितलं, "सोमवारपासून खाणीच्या फेऱ्या घेऊ नकोस. पाठीचं काहीतरी कारण दे."

मग त्या गाडीवर कोण जाणार, असं नवऱ्याने विचारलं.

"जाईल कुणीतरी," सासरे म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

"मग मीच जातो," नवरा म्हणाला. तो हट्टी आहे, जाणार म्हणजे जाणार. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. एरवी मला त्यांचा राग यायचा, त्या दिवशी किळस आली.

सकाळी समितीसमोर पेन माझ्या हातात आलं. मी सही केली नाही. शेऱ्याच्या जागी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "प्रमुखांनी स्वतःच्या मुलाला या गाडीवर जाऊ नकोस असं सांगितलं आहे. वाघीण नापास."

या वेळी कुणाचीही मान हलली नाही. सासऱ्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "घरचं ऑफिसात आणू नये."

"ऑफिसातलं घरी तुम्हीच आणलंत, बाबा," मी म्हटलं.