एकच संत आणा

भूकंपानंतर पियेत्रामोराचं जुनं गाव कुंपण घालून बंद केलं होतं. उद्या सकाळी क्रेन येणार आणि कललेल्या मनोऱ्यासकट चर्च उतरवणार. त्याआधी अग्निशमन दलाचा रेन्झो एकदाच आत जाणार होता. वाट दाखवायला गावातलं एक माणूस नेणार आणि चर्चमधली एकच मूर्ती बाहेर आणणार. एकच! या गावात असं बोलणं म्हणजे आगीत तेल ओतणं. वरच्या आळीचा संत एमिदियो, खालच्या आळीचा संत रोको, आणि दोन्ही आळ्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

एर्सिलिया खालच्या आळीची. रोकोचा झगा शिवायचा, त्याच्या पायाशी बसलेल्या लाकडी कुत्र्यावरची धूळ पुसायची, यातच बाईचा जन्म गेला. अंगानं काटकुळी आणि गावातला बोळ न् बोळ पाठ, म्हणून रेन्झोनं तिलाच निवडलं.

कुंपणापाशी वरच्या आळीचा म्होरक्या क्विरीनो काठी टेकून उभा होता.

"जा, आण तुझा कुत्रेवाला भिकारी," तो म्हणाला. "तू कोणाला उचलणार ते काय मला ठाऊक नाही?"

"आणि तुझा एमिदियो म्हणे भूकंपापासून राखतो! बरं राखलं हो!"

बोलून गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्विरीनोची नात लाविनिया भूकंपाच्याच रात्री ढिगाऱ्याखाली गेली होती. घराचा पार चुरा झालेला. पोरीचा एक फोटोसुद्धा म्हाताऱ्याच्या हाती लागला नव्हता. क्विरीनोनं नुसती काठी बाजूला घेऊन तिला वाट करून दिली. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटलं.

आत सिंहाच्या तोंडाचं कारंजं कोरडं पडलं होतं. रेन्झो प्रत्येक कमानीखाली मान वर करून बघे. एर्सिलिया बघत नव्हती. वर बघितलं की पाय उचलत नाही.

"डावीकडे."

"नकाशात सरळ आहे, सिन्योरा."

"नकाशातला रस्ता आता बेप्पेच्या छपराखाली आहे. चला मुकाट्यानं."

तिच्या स्वतःच्या घराची पुढची भिंतच गळून पडली होती. स्वयंपाकघर चारचौघांसमोर उघडं, खुंटीला ॲप्रन तसाच. तिला लाज वाटली, पण ती थांबली नाही.

रोको चर्चच्या दाराशीच उभा होता. धुळीनं पांढराफटक, पण धडधाकट. कुत्र्याच्या तोंडातला पावसुद्धा जागच्या जागी. एर्सिलियाचे डोळे भरून आले.

"हाच ना तुमचा? हाताशीच आहे, उचलतो," रेन्झो म्हणाला.

ती हो म्हणणार, तेवढ्यात तिची नजर आत गेली. तडकलेल्या कमानीखाली एमिदियो उभा होता, आशीर्वादाचा हात पुढे केलेला, आणि त्या हातावर फितीच फिती. वरच्या आळीत बाप्तिस्मा झाला की बाळाच्या नावाची फीत तिथे बांधतात. सगळ्यात वरची पिवळी, लाविनियाची. ती बांधताना एर्सिलियानंच नाक मुरडलं होतं, "संत आहे की चिंध्यांचं दुकान?"

"तो घ्या," ती म्हणाली.

"वेड लागलंय का? ती कमान बघा!"

एर्सिलिया धावलीसुद्धा. रेन्झो शिव्या घालत मागे. तिनं एमिदियोचा हात धरला आणि पायाखालची जमीन गुरगुरली. वरून चुना, मग दगड. रेन्झोनं तिला कमरेला धरून मागे खेचलं, तरी तिनं पकड सोडली नाही. काहीतरी कडकन मोडलं. तिला वाटलं, आपलंच मनगट. दारातून फरफटत जाताना रोकोचा झगा तिच्या बाहीला घासला आणि पुढच्याच क्षणी त्यांच्यामागे दार बुजलं.

कुंपणापाशी खालची आळी अंगावर धावून आली. "रोको कुठाय? वरच्यांना विकली गेलीस का गं?"

ती गर्दीतून वाट काढत निघाली. सरळ क्विरीनोकडे गेली आणि तो तुटका लाकडी हात त्याच्या हातात ठेवला. म्हाताऱ्यानं एकेक फीत चाचपली. पिवळी सापडली तशी ती गालाला लावून तो लहान मुलासारखा रडला.

मग डोळे पुसत त्यानं विचारलं, "आणि तुझा रोको गं?"

"आतच राहिला," एर्सिलिया म्हणाली. "असू दे. कुत्रं आहे त्याच्या सोबतीला."