कोंबातलं तेल

बासष्ट सालची गोष्ट. रिहे गावात भातलावणी उरकत आली होती, म्हणून गोजराबाईंना त्या दुपारी ओटीवर बसायला फावलं. पुढ्यात बांबूचे कोंब होते. वरची सालं काढायची, आतला पांढरा गाभा चिरून पाण्यात टाकायचा, कडूपणा उतरेपर्यंत पाणी बदलत राहायचं. शेजारी त्यांची जाऊ धोंडाबाई, आणि पुण्याहून रजेवर आलेली लेक सारजा. सारजा कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. गेल्या पावसाळ्यात तिनं इथलेच कोंब नेऊन वाळवले, कुटले आणि ईथरमध्ये त्यांतलं तेल उतरवून पाहिलं होतं.

"मग, निघालं का माझ्या कोंबातलं तेल?" गोजराबाईंनी विचारलं.

"लेकीनं पुण्यात घाणा टाकलाय जनू," धोंडाबाई म्हणाली. "बैल कुटं बांधतीस गं?"

सारजा हसली. तिच्या लहानपणी बुधलीत तेल तळाशी गेलेलं असायचं. आई पोरांच्या भाजीवर खुरासणीचं तेल सोडायची, स्वतः कोरडीच घ्यायची. "कोंबाला त्याचं तेल असतंया," म्हणायची. एकदा आई पाण्याला गेली असता सारजानं तिच्या पानातला घास चोरून खाल्ला. कोरडा, कडवट. कळायला तेवढं पुरे होतं. पुढं प्रयोगशाळेत भांड्याच्या तळाशी पिवळट ओशट डाग तेवढा उरला. त्यात दोन-तीन मेदाम्लं, त्यांत लिनोलिक जास्त. पण शेरभर कोंबांचं मिळून जेमतेम चमचाभर. हे आज सांगायचंच, असं ती एसटीत ठरवून आली होती.

"निघालं थोडं," ती म्हणाली.

"बग!" गोजराबाईंनी जावेच्या गुडघ्यावर थाप मारली. "मी खोटं बोलते व्हय?"

आता फळीवर तेलाचा डबा भरलेला असायचा. तरी जेवताना आईनं आपली भाजी तेल पडायच्या आधीच काढून घेतली. सारजा बघत राहिली.

त्याच आठवड्यात, शेवटच्या खाचरात रोपं लावता लावता गोजराबाई चिखलात कलंडल्या. बांधावर आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

सुतकात भावकीनं भाकरी पुरवली. सुतक फिटल्यावर घरची चूल पेटली, तेव्हा धोंडाबाईनं कोंबच शिजवले आणि गेलेल्या जावेचं पान पहिल्यांदा वाढलं. कोरडं.

"तिला असंच आवडायचं बाई," ती डोळे पुसत म्हणाली.

"न्हाई आवडायचं, काकी."

सारजानं फळीवरचा डबा उतरवला आणि त्या भाजीवर तेल सोडलं.

"अगं, अगं, किती घालतीस?"

भाजीतून तेल पानभर पसरलं, तेव्हा तिचा हात थांबला. पान उचलून तिनं अंगणात नेऊन ठेवलं. शेजारच्या ओटीवरची माणसं बघत होती. बघेनात का.

"आये," ती मोठ्यानं म्हणाली, "कोंबात तेल नव्हतं. आमाला घालून तू कोरडं खायाचीस. मला ठावं हुतं, आये, लहानपनापास्नं ठावं हुतं. आज तरी तेल घालून खा."