चाळणीची खाच

माझी बायको अनुराधा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्याच्या तासाभरात तिने बिअरसाठी मागवलेलं माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, पोतं दारात आलं. मी सही केली. डिलिव्हरीवाला वाकला, मीही वाकलो.

बिअरची हौस तिची. इथे जपानात कायद्याने घरी एक टक्क्याच्या आत अल्कोहोल असलेलीच करता येते. "म्हणजे तुझ्या विनोदांइतकीच चढणार," असं ती म्हणाली होती.

तीन महिन्यांनी मी पोतं उघडलं. मिक्सर काढून निम्म्या माल्टचं भाजणीसारखं पीठ केलं. कूलर बॉक्सला तळाशी नळ बसवला, पीठ गरम पाण्यात भिजवलं आणि नळ सोडला. थेंब नाही. तिने मागवलेल्यातलं आता निम्मंच उरलं. तेही गेलं तर संपलं.

कावासाकीहून नंदकिशोर आला. ऑफिसातला मित्र, पंपांचं डिझाइन करतो. बॉक्समध्ये डोकं घालून म्हणाला, "अरे, ही पोस्टर चिकटवायची खळ आहे! दाणे नुसते फोडायचे. साल अख्खी राहिली की तीच गाळते. आणि नळाच्या तोंडावर भोकांचं काहीतरी पालथं घाल."

तसं घरात एकच होतं, पुरणाची चाळणी. नळाची नळी आत घ्यायला तिच्या कडेला खाच पाडायला हवी होती. पण सासूबाईंनी लग्नात कडेभोवती गोल कोरून घेतलेलं: सौ. अनुराधा सदानंद परचुरे, सप्रेम भेट, वर तारीख. बोटभर जागा मोकळी नाही.

"दामे!" माझी मुलगी नेत्रा ओरडली. रागावली की तिला जपानीच सुचतं. "आईचं नाव नाही कापायचं."

"मग काय कापू?"

तिने चाळणी फिरवून पाहिली. "तुझं."

"वहिनींनी हे पंधरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं," नंदकिशोर म्हणाला.

मी सदानंद कापला. कड कानशीने घासली. उरलेलं माल्ट लाटण्याने फोडलं, भिजवलं, तासाभराने नळ जेमतेम सोडला. आधी गढूळ आलं, ते परत वर ओतलं. तिसऱ्यांदा कोऱ्या चहासारखं नितळ आलं. नेत्राने बोट बुडवून चाखलं आणि मला न विचारता दुसरं बोट बुडवलं.

उकळून गार केलं. झाकण लावलं.

यीस्ट घातलं की त्याची बिअर होईल. अजून घातलेलं नाही.