हॅरोक्लफचं गढूळ पाणी

हॅरोक्लफच्या धरणावर ज्यांनी ‘सुरक्षित’ असा शिक्का मारला, त्यांच्यातला एकही माणूस त्या भिंतीखाली झोपत नाही. त्यांना पाझर दाखवला, त्यांनी पाठ फिरवली. पगार त्यांचा, धास्ती खालच्या गावाची.

हेस्टर ॲक्रॉइड त्या गावची खासदार. लंडनच्या सभागृहात ती या धरणावर पुन्हा पुन्हा बोलली. तिचं सगळं कामकाजाच्या अहवालात छापून येई आणि तिच्याच पक्षाच्या सरकारचं उत्तरही तेच येई: पाझर आहे, पण पाणी नितळ आहे, काळजी नको. मातीच्या धरणातून नितळ पाणी झिरपलं तर एकवेळ चालतं. गढूळ आलं, की समजावं, भिंत आतून पोखरली जातेय.

त्या दुपारी धरणांवर चर्चा होती. एकेक भाषण संपलं की हेस्टर उभी राही. सभापतींनी नाव घेतल्याशिवाय इथे तोंड उघडता येत नाही, आणि त्यांची नजर दर वेळी तिच्यावरून घसरून पुढे जाई.

“किती उठाबशा काढशील, पोरी?” शेजारचे म्हातारे खासदार रिग पुटपुटले. “मास्तरांनीही मला एवढ्या काढायला लावल्या नव्हत्या.”

मांडीवरचा फोन थरथरला. गावाकडून बहिणीचा, नोराचा निरोप. ‘पाणी चहासारखं येतंय गं. आई हटून बसलीय. म्हणते, हेस्टर उगाच घाबरते, सरकारनं सांगितलं तरच घर सोडीन. काय करू?’

हेस्टरने दाराकडे पाहिलं. बाहेर जावं तर बोलायची पाळी गेली. आणि फोन करून तरी काय? आई तिचं ऐकणार नव्हती.

एवढ्यात मागच्या बाकावरून पक्षाचा प्रतोद वाकला. तिच्या हातात चिठ्ठी सरकवत म्हणाला, “तुमची पाळी काही येत नाही, बाई. मंत्री बोलताना उठा, ते थांबतील. एवढंच वाचा. कौतुकाचं आहे. धरणाचं नाव काढलंत, तर पुढच्या निवडणुकीत तिकीट विसरा.”

मंत्री उत्तराला उभे राहिले. हेस्टर उठली. तिच्या हातातली चिठ्ठी पाहून मंत्री गालात हसले आणि तिला बोलू द्यायला खाली बसले.

तिने कागदावरून नजर फिरवली. तिच्या डोळ्यांपुढे चुलीजवळच्या खुर्चीत बसलेली आई आली. तिने चिठ्ठी चुरगाळली.

“सभापती महोदय, हॅरोक्लफला गढूळ पाणी येतंय. आत्ता, या घडीला.”

“बसा खाली!” मागून प्रतोद फिसकारला.

“बोल, पोरी,” रिग म्हणाले. आता ते हसत नव्हते.

“माझी म्हातारी आई त्या भिंतीखाली बसलीय, मंत्र्यांच्या शब्दावर. लेखी उत्तर नको, समिती नको. गाव आत्ता रिकामं करायचं की नाही? मंत्रिमहोदयांनी उभं राहून सांगावं. हो की नाही?”