सुलेमानचा मुलगा

आमच्या अर्हावी गावात मला लोक एकाच गोष्टीसाठी ओळखतात, ती म्हणजे नाक. माझं तर मोठं आहेच, पण मी इतरांच्या नाकांचाही जाणकार. चहाच्या टपरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाक बघायचं आणि सांगून टाकायचं: हा अस्सल लाझ, म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या जमातीचा, हा वरच्या डोंगरातला, ह्याचं मूळ कुठलं कोणास ठाऊक. अंदाज चुकला तर मी त्या माणसाच्या आजीला दोष देत असे. पासष्ट वर्षांत मला कोणी खोटं पाडलं नव्हतं, कारण पाडणार कशाच्या जोरावर?

मग माझ्या मुलीनं, आयतेननं, इझमित शहरातून दोन नळ्या पाठवल्या. नळीत थुंकायचं, परत पाठवायची, की आपले पूर्वज कुठले नि नातेवाईक कोण ते कळतं म्हणे. एक नळी मला, दुसरी तारिएलला.

तारिएल माझा चुलतभाऊ, सीमेपलीकडच्या सार्पीचा. माझे काका सुलेमान सदतीस साली होडीवर कामाला पलीकडं गेले आणि त्यांच्या पाठीमागं सीमा बंद झाली. इकडच्या सरकारनं आम्हाला एक आडनाव दिलं, तिकडच्यानं त्यांना दुसरं. पन्नास वर्षं पत्र नाही, निरोप नाही. अठ्ठ्याऐंशी साली सीमेवरचं गेट उघडलं तेव्हा माझे वडील, युनूस, अंथरुणाला खिळले होते. म्हणाले, "तू जा. माझ्या भावाला शोध."

मी गर्दीत शिरलो. समोर थेट माझ्या नाकाचा एक तरुण दिसला. विचारलं, "सुलेमानचा का रे तू?" तो म्हणाला, "हो." आमच्यात दर तिसरा म्हातारा सुलेमान असतो, पण इतका विचार करायला तेव्हा सवड कुणाला होती! मी त्याला मिठी मारली आणि असा रडलो, की पहाऱ्यावरच्या शिपायानं पाणी आणून दिलं. त्याचे वडील वारले होते. त्यांच्या थडग्यावरची मूठभर माती मी आणली आणि वडिलांच्या हातात दिली. भाऊ गेला हे कळल्यावर त्यांनी महिनाही काढला नाही.

तेव्हापासून तारिएल आणि मी एकमेकांचे 'जुमा', म्हणजे भाऊ. त्याच्या मुलीच्या लग्नात मी नाचलो, माझ्या बायकोच्या मयतीला त्यानं खांदा दिला.

"थुंकायच्या आधी अर्धा तास चहा प्यायचा नाही," मी त्याला सांगितलं.

"अर्धा तास? मरू का मी?" तारिएल म्हणाला. "भाऊ आहोतच ना आपण? मग हे कशाला उगाच?"

"टपरीवरच्यांची तोंडं बंद करायचीत."

"तुझं एकट्याचं बंद झालं तरी गाव सुखी होईल."

पण थुंकला बिचारा.

दीड महिन्यानं आयतेनचा फोन आला. मी भर टपरीत स्पीकर लावला. शहाणपण मिरवायची हौस दांडगी.

"बाबा, आधी स्पीकर बंद करा."

"का म्हणून? ऐकू दे की सगळ्यांना!"

"तारिएलकाका आपले कुणी नाहीत. लांबचेसुद्धा नाहीत."

टपरीतला एकूण एक चमचा वाजायचा थांबला.

"आणि बाबा, नातेवाइकांच्या यादीत तुमचा सख्खा चुलतभाऊ निघालाय. सार्पीचे ओमेरी. त्यांच्या मुलीनं त्यांचीही तपासणी केली होती."

ओमेरी! गेटापलीकडं घरापुढं फळं मांडून विकणारा. गेट उघडल्यावर त्यानं दुकान मांडलं, तेव्हापासून दर शनिवारी मी त्याच्या तराजूचा उद्धार करत आलो होतो. शिवाय चारचौघांत जाहीर केलं होतं, की असलं नाक लाझ माणसाला असूच शकत नाही.

"रेफिकदादा," टपरीवाला हळूच म्हणाला, "आता कुणाच्या आजीला दोष द्यायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीमा ओलांडली. नाक कापलं गेलं होतं, त्याचं फारसं काही नव्हतं. उरलेलं अजून पुष्कळ आहे. भीती एकच होती: तारिएल हातचा जाईल. बायको गेल्यावर मला जवळचं असं दुसरं होतं कोण?

त्यानं चहा ओतला. मी सगळं एका दमात सांगितलं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. माझ्या बापाला भाऊच नव्हता, चार बहिणी होत्या. पण तू माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होतास. ती म्हणाली, आधी जेवू दे त्याला, मग सांग. तू जेवलास. मग थडगं दाखव म्हणालास. मग माती घेतलीस. मधे कुठं सांगायचं रे माणसानं?"

"आणि नंतरच्या छत्तीस वर्षांत?"

"मलाही भाऊ नव्हता, रेफिक. नाही सांगितलं. घाल शिव्या."

शिव्या कसल्या घालतो! माझा जीव भांड्यात पडला होता. मी दुसरा चहा मागितला. तो पिऊन झाल्यावर तारिएलच म्हणाला, "ऊठ, त्या दुसऱ्याला किती ताटकळत ठेवणार?"

ओमेरीनं मला येताना पाहिलं आणि तराजू पुढं सरकवला. "घे, तपासून घे आधी."

मी सांगितलं. वाटलं होतं, मिठी मारेल, निदान हसेल. त्यानं हातातली संत्री सावकाश टोपलीत ठेवली.

"युनूसचा तू?" तो म्हणाला. "गेट उघडलं त्या दिवशी मी बाबांना खुर्चीत बसवून तिथं नेलं होतं. संध्याकाळपर्यंत बसून होते. युनूसकडचं कुणी आलंय का, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. त्या गर्दीत ऐकतो कोण!"

"म्हणजे काका तेव्हा..."

"सहा वर्षं जगले त्यानंतर. ह्या मागच्याच खोलीत. तू शनिवारी येऊन माझ्याशी भांडायला लागलास, की आतून ऐकत हसायचे. म्हणायचे, ओमेरी, काय तोंड आहे रे ह्याचं! विचार तरी, कुणाचा आहे."

"मग?"

"मी नाही विचारलं," ओमेरी म्हणाला. "मला तुझा राग यायचा."