दोघांच्या मधला मुकादम

या, असे जवळ सरका. दारातल्या वाऱ्यात बसू नका, पुढे या. एका कुत्र्याची गोष्ट सांगतो आणि त्याच्या दोन माणसांची. माणसं भांडखोर होती आणि कुत्रा शहाणा होता, म्हणून गोष्ट कुत्र्याच्या नावाने सांगायची.

एक दुकान होतं. दार एक, पाटी एक, पण आत धंदे दोन. उजवीकडे थोरला भाऊ काचा कापायचा, खिडक्यांच्या, आरशांच्या, तसबिरींच्या. डावीकडे धाकटी बहीण पडदे शिवायची. सगळा रस्ता त्यांना काचवाला आणि पडदेवाली म्हणायचा. दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. मी समोरच चपला शिवायला बसायचो. त्यांचं बोलणं ऐकायला मला कान द्यावे लागत नसत, ते आपोआप येऊन आदळायचं.

आणि दुकानाच्या मधोमध बसायचा मुकादम. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. त्यांच्या आईने पिल्लू आणलं, तर दुसऱ्याच दिवशी ते उंबरठ्यावर बसून दोघांच्या हातांकडे टक लावून बघायला लागलं. आई म्हणाली, "आला बघा मुकादम! आता करा कामचुकारपणा."

माउलीने त्याला निगुतीने वाढवलं. पिल्लू होतं तेव्हा चावायला जुनी दोरी दिली, वेळच्या वेळी इंजेक्शनं दिली, माणसांची सवय व्हावी म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती दिलं. तरणं झालं तेव्हा ऊन असो, पाऊस असो, सकाळ-संध्याकाळ पार पुलापर्यंत पळवून आणलं. ताट नेहमी मोजून. दात घासायची, कान पुसायची. पोरं हसली की म्हणायची, "तुमचं डोकं दुखलं तर घर डोक्यावर घेता. याला दुखलं तर हा कुणाला सांगणार?"

मग ती गेली. ती गेली त्या दुपारी काचवाला कुठेशी काच बसवायला गेला होता. पडदेवालीचं म्हणणं, "आई शेवटच्या घटका मोजत होती आणि याला काच सुचली." काचवाल्याचं म्हणणं, "हीच म्हणाली, झोपलीय, बिनघोर जा." दोन्ही खरं होतं. एकाचं खोटं असतं तर भांडण कधीतरी मिटलं असतं. खोट्याला निदान लाज असते, खऱ्याला कसली?

त्या दिवसापासून अबोला. पण एका छपराखाली, एका दुकानात, बोलल्यावाचून चालायचं कसं? मुकादम होता ना!

"मुकादम, सांग त्याला, काचेचा चुरा माझ्या मखमलीवर उडतोय."

"मुकादम, सांग तिला, मखमल जरा अलीकडे ओढ म्हणावं. दुकान काय तिला आंदण मिळालंय?"

"मुकादम, विचार त्याला, आईला तहान लागली तेव्हा तो कुणाच्या खिडकीत उभा होता?"

मुकादम आधी इकडे बघायचा, मग तिकडे. त्याला हाक ऐकू यायची आपल्या नावाची, आणि त्या हाकेमागचं विष दुसऱ्याच्या वाट्याचं. बिचाऱ्याला काय कळणार? त्याला वाटायचं, रागवतायत ते मलाच. उभा कानही पडायचा आणि शेपूट पोटाशी जायचं.

असं करता करता मुकादम म्हातारा झाला. तोंडावर पांढरं आलं. उठताना मागचे पाय थरथरायचे, गुळगुळीत फरशीवरून घसरायचे. पडदेवालीने उरलेल्या कापडांच्या पट्ट्या जोडून त्याच्या वाटेवर अंथरल्या, पाय रोवता यावेत म्हणून. काचवाल्याने त्या गोळा करून तिच्या मशीनवर फेकल्या.

"मुकादम, तिला सांग, कापडात काचेची कुसळं अडकतात. तुझ्या पंजात घुसली म्हणजे तिला बरं वाटेल बहुतेक."

"मुकादम, त्याला सांग, झाडू नावाची वस्तू जगात आहे. घसरून तुझं कंबरडं मोडलं की मग हा येईल, सगळं आटपल्यावर. सवयच आहे त्याला!"

माया दोघांचीही होती बरं का. पण एकाची माया दुसऱ्याला दिसली तर त्यात त्याचा पराभव होता. म्हणून दोघंही चोरून माया करायची. काचवाला पहाटे उठून त्याला पोटभर घालायचा, कारण बहीण कंजूष, कुत्र्याला उपाशी मारेल. पडदेवाली दुपारी पोटभर घालायची, कारण भाऊ कामाच्या नादात विसरतो, तो तर आईला विसरला होता! मुकादम फुगत गेला. आधीच दुखऱ्या सांध्यांवर हे एवढं ओझं.

पडदेवालीने त्याला नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "वजन केवढं वाढवलंत! अन्न कमी करा." दुखण्यावर गोळी दिली, रोज एक. काचवाला त्या दवाखान्याची पायरी कसा चढेल? तिथे बहीण जाऊन आली होती. तो गेला पुलापलीकडच्या डॉक्टरांकडे. त्यांनीही तेच सांगितलं आणि दुसरी कसलीशी गोळी दिली, रोज एक. "आणखी काही औषध चालू आहे का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा हा छाती काढून म्हणाला, "माझ्याशिवाय त्याचं बघतंय कोण?"

परत आल्यावर दोघांनी एकमेकांना मुकादमाकरवी ऐकवलं. "मुकादम, सांग तिला, डॉक्टर म्हणाले, तुला चरायला घालून मारतायत." "मुकादम, सांग त्याला, तेच माझी डॉक्टरीण म्हणाली, आणि खाऊ घालणारा कोण ते मला ठाऊक आहे." दोघांनीही आपलं ताट कमी केलं नाही. गोळ्यांबद्दल तर चकार शब्द नाही. पहाटे केळ्यात एक गोळी, दुपारी अंड्यात दुसरी.

काही दिवस मुकादम जरा बरा चालला. दोघंही मनातल्या मनात आपापली पाठ थोपटत होती. मग त्याने केळं हुंगून तोंड फिरवलं. अंडंही सोडलं. उलट्या झाल्या. शी डांबरासारखी काळी. आणि एका सकाळी उंबरठ्यावरून उठायला गेला तो उठलाच नाही.

काचवाल्याच्या हातातली काच खाली पडून तिचा चक्काचूर झाला. पडदेवाली मशीन तसंच फिरतं सोडून धावली. मी माझा सामानाचा ढकलगाडा पुढे केला. दोघांनी त्याला उचललं, त्याने पुढून, तिने मागून. त्या घाईतसुद्धा ही म्हणते, "मुकादम, त्याला सांग, मान सांभाळ म्हणावं!" मला वाटलं, देवा, या दोघांना जीभ दिलीस ती कशाला?

नाक्यावरचा दवाखाना जवळ होता. काचवाला पायरीशी क्षणभर थबकला. मग चढला.

डॉक्टरीणबाईंनी मुकादमाचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पांढऱ्याफटक. "पोटात रक्त जातंय," त्या म्हणाल्या. मदतनिसाने त्याला आतल्या खोलीत सलाइन लावायला नेलं. बाई दारात उभ्या राहिल्या. "गोळी किती दिलीत?"

"तुम्ही सांगितली तेवढीच. रोज एक," पडदेवाली म्हणाली.

"एका गोळीने सहसा एवढं होत नाही. घरात आणखी कुणी काही देतं? नीट आठवून सांगा. पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय मी पुढचं औषध दिलं आणि ते चुकलं, तर तो हातचा जाईल."

काचवाला भिंतीकडे बघत होता. मानेची शीर ताठ. सांगितलं तर बहिणीला आयुष्यभराचं हत्यार मिळणार होतं. "मी काय देणार?" तो म्हणाला. "मला विचारतंय कोण त्या घरात?"

पडदेवालीच्या हातात मुकादमाचा पट्टा होता. तिने सवयीने मान खाली वळवली. "मुकादम, विचार त्याला..."

पट्टा रिकामा होता. खाली फक्त फरशी होती.

तिथे ती जी थांबली, तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. मग तिने मान वर केली आणि भावाच्या डोळ्यांत डोळे घातले.

"दादा, काय दिलंस त्याला?"

त्याने तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं.

"माझा गळा नंतर धर. मी कुठे पळून जाणार आहे? आई तहानलेलीच गेली, ती मी जवळ असताना गेली. मला कळलं नाही ती जातेय म्हणून. आता हा जातोय, ते तुला कळतंय. बोल!"

काचवाल्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि टेबलावर आपटलं. "रोज पहाटे. केळ्यातून. आजचीही गेलीय पोटात, अर्धं केळं कोंबलं मी. झालं समाधान?"

"मी दुपारी देत होते. अंड्यातून."

"सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुला काय झालं होतं?"

बाईंनी पाकीट वाचलं आणि दोघांवर अशा कडाडल्या की बाहेर दाखवायला आणलेली मांजरं टोपल्यांत दडली. "दोन्ही एकाच जातीच्या गोळ्या! एकत्र कधी द्यायच्या नसतात. आतडं सोलून काढलंत त्याचं. आणि जेवणही दोघांचं? एका पोटात दोन संसार भरलेत तुम्ही! चला, बाहेर थांबा."

बाहेर एकच बाक. त्याच्या दोन टोकांना दोघं बसली. सगळा वेळ भांडत होती, पण एकमेकांशी. आईची ती दुपार पहिल्यांदा समोरासमोर काढली. तो म्हणाला, "तू जा म्हणालीस." ती म्हणाली, "हो, म्हणाले." त्याला इतकी वर्षं हे एवढंच ऐकायचं होतं. मग जणू दगड उचलावा तसा तो म्हणाला, "मलाही जायचं नव्हतं. तिला तसं बघवत नव्हतं, म्हणून गेलो." ती म्हणाली, "भित्रट." पण बाकावर जरा अलीकडे सरकली.

मुकादम वाचला. बाईंनी सक्त ताकीद दिली: अन्न एकाने द्यायचं, औषध दुसऱ्याने, आणि रोज एकमेकांना विचारायचं. वजन उतरवायचं, रोज थोडंसंच चालवायचं, फरशीवर घसरणार नाही असं काहीतरी टाकायचं. काचवाल्याने काच कापायचं टेबल मागच्या बाजूला हलवलं आणि कुसळं उडणार नाहीत अशी आडभिंत घातली. पडदेवालीच्या पट्ट्या पुन्हा अंथरल्या गेल्या.

पहिल्या संध्याकाळी मी समोरून बघत होतो.

"दिलीस गोळी?" काचवाला गुरगुरला.

"दिली."

"नक्की?"

"तुझ्यासारखी चोरून नाही दिली. ताट किती घातलंस?"

"बाईंनी सांगितलं तेवढं. येऊन मोज हवं तर."

"मोजणारच आहे. तुझा काय भरवसा?"

आवाज चढलेलेच होते. मुकादमाने सवयीने मान उचलली. आधी भावाकडे बघितलं, मग बहिणीकडे. आपलं नाव येईल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. नाव आलं नाही. भांडण त्याच्या डोक्यावरून परस्पर इकडून तिकडे जात होतं. मग आवाजाने पडलेला त्याचा तो एरवीचा उभा कान हळूच पुन्हा उभा राहिला, हनुवटी पुढच्या पायांवर टेकली आणि भर गोंगाटात तो घोरायला लागला. म्हातारपणी एकदाची त्याची नोकरी सुटली होती.

पुढे तो बरेच दिवस जगला आणि झोपेतच गेला. दोघं जवळ होती. त्याला पुरून आल्यावर खड्डा कुणी नीट खणला नाही यावरून भांडलीसुद्धा, थेट एकमेकांची नावं घेऊन.

तर ऐकणाऱ्यांनो, तुमच्या दारात मुका जीव असेल आणि घरात कुणाशी अबोला असेल, तर आज घरी गेल्यावर त्याला घास घालायच्या आधी त्या अबोल्यातल्या माणसाला एकच विचारा: तू काय दिलंस? आणि विचारताना त्या एका उभ्या, एका पडलेल्या कानाच्या मुकादमाची आठवण काढा.