परिपाठातली माफी

“मी पोट्टीपुढं हात जोडणार नाई, मॅडम. वर कळवाचं तं कळवा,” गजेंद्र सर म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.

मुख्याध्यापिका प्रतिमाबाईंनी इतर शिक्षकांकडे पाहिलं. सगळे आपापल्या पोळीभाजीत मान घालून बसले होते. जूनमध्ये याच मंडळींनी पोरांबरोबर ओट्यावर बसून ठरवलं होतं, की ज्याच्या हातून चूक होईल त्याने परिपाठात उभं राहून ती कबूल करायची. मग तो मास्तर असो की पहिलीतलं पोर. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने ‘हो’ म्हणाले होते ते गजेंद्र सरच.

पोरांनी ते मनावर घेतलं होतं. कोणी पाटी फोडल्याचं सांगे, कोणी खोटं बोलल्याचं. आणि काल हात धुण्याचा नळ मोडला. सहावीतली पूनम तिथे उभी दिसली, म्हणून सरांनी सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली. खिचडी शिजवणाऱ्या अंबूबाई धावत आल्या. “अवो सर, वासरानं तोडला तो नळ! म्या सोता पाह्यलं!” सरांनी ऐकलं आणि ते वर्गात निघून गेले.

शाळा सुटल्यावर प्रतिमाबाई पूनमच्या घरी गेल्या. तिचा बाप गोविंदा नुकताच शेतातून आला होता.

“तुमी काऊन तरास घेता, मॅडम? मास्तरच हायेत, मारलं तं मारलं. त्याइचं मन दुखवू नका. पोरीले सातवीपरेंत तिथंच शिकाचं हाये.”

पूनम शेळीला पाला टाकत होती. तिने मान वर केली नाही.

घरी परतताना खामगावच्या एसटीत बसल्यावर प्रतिमाबाईंना वाटलं, सोडून द्यावं. प्रत्येक शाळेत हेच झालं होतं. जूनमध्ये सगळ्यांनी मिळून ठरवायचं, दिवाळीपर्यंत ते विरून जायचं, मग बदली आणि पुन्हा नवी शाळा. पाय सुजले होते. आताशा रागसुद्धा येईनासा झाला होता.

सकाळी प्रार्थना संपल्यावर त्या ओट्यावर पुढे आल्या.

“पूनम, परवा तुझी काही चूक नव्हती, तरी तुला मार बसला. मुख्याध्यापिका म्हणून मी तुझी माफी मागते.”

त्यांनी हात जोडले. गजेंद्र सर मागे उभे राहून मोबाईल चाळत होते.

पोरं वर्गाकडे पांगली. पूनम मात्र ओट्याखालीच थांबली.

“मॅडम, तुमी काऊन माफी मांगली? तुमी तं मले मारलं नव्हतं.”

“शाळेत मारलं ना तुला? म्हणून शाळेच्या वतीने मागितली.”

पूनमने वळून वर्गाकडे पाहिलं. “मंग सर शाळेतले नाईत?”

“आहेत गं,” प्रतिमाबाई म्हणाल्या, “तेही आपलेच आहेत.”

सहावीचा पहिला तास गजेंद्र सरांचाच होता.

“मी येऊ का सोबत?”

“नाई. एकटीच जातो.”

ओढणी सारखी करून ती व्हरांडा ओलांडून गेली. दाराशी थांबून तिने रोजच्यासारखं मोठ्याने विचारलं, “आत येऊ का, सर?”

आतून उत्तर येईपर्यंत प्रतिमाबाई ओट्यावर उभ्याच होत्या.